एका खडकावरची दोन दीपगृहे

सुट्टीच्या दिवसांत महाराष्ट्रातून दक्षिणेकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत महाबलीपुरमचे नाव बहुधा असतेच. चेन्नईपासून साठ किलोमीटरच्या आत असलेले हे गाव अर्ध्या दिवसात उरकून टाकण्याची आपल्या सहलींची रीत आहे. सागरतीरावरचे मंदिर, पाच रथ आणि ज्याला कोणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात, तर कोणी गंगावतरण, ते विशाल शिल्प पाहून झाले की गाडी पुढच्या गावी निघते. गावातल्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभे असलेले दीपगृह आणि त्याच्या आवारातील सागरी वारशाचे संग्रहालय यांकडे वळणारी पावले त्या मानाने थोडी. जी वळतात, त्यांतील पुष्कळांचा हेतू उंचावरून दिसणारे दृश्य पाहण्यापुरताच असतो. वास्तविक या टेकडीवर भारताच्या सागरी इतिहासाचा एक दीर्घ कालखंड काही पावलांच्या अंतरात सामावलेला आहे.

या खडकावर दोन वास्तू शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक म्हणजे नैसर्गिक दगडात बांधलेला गोल मनोरा. १९०४ सालापासून तो पूर्णपणे कार्यरत झाला. दुसरी वास्तू म्हणजे ओलक्कणेश्वर मंदिर. खाली महिषमर्दिनीचे कोरीव लेणे आणि त्याच्या नेमके वर हे शिवमंदिर, अशी त्याची योजना आहे. पल्लवांच्या काळात, इसवी सनाच्या आठव्या शतकात ते बांधले गेले. आधुनिक मनोरा उभा राहण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जहाजांसाठीचा दिवा लावण्याकरिता ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याच मंदिराच्या माथ्याचा उपयोग केला. आजही गावात या मंदिराला जुने दीपगृह म्हणूनच ओळखतात.

दीपगृहाला उंच खडक का लागतो, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवर ठेवलेला दिवा कितीही प्रखर असला, तरी अकरा-बारा किलोमीटरच्या पलीकडे तो क्षितिजाआड जातो. तोच दिवा पन्नास मीटर उंचीवर नेला की पंचवीस किलोमीटरपर्यंत पोहोचतो. टेकडी निवडणाऱ्या माणसाला हे गणित मांडता आले नाही, तरी ते अनुभवाने उमगलेले असते. म्हणूनच पल्लवांच्या स्थपतीची आणि ब्रिटिश अभियंत्याची नजर एकाच खडकावर स्थिरावली, यात नवल काहीच नाही.

उंचीनंतरचा प्रश्न प्रकाश वाया न घालवण्याचा. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल याने त्याचे उत्तर शोधले. एकच जाडजूड भिंग वापरण्याऐवजी काचेची वलये आणि लोलक यांची रचना करून, चहूकडे विखुरणारा प्रकाश समुद्राच्या दिशेने एकवटण्याची युक्ती त्याने सिद्ध केली. १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ येथील दीपगृहात तिचा प्रथम वापर झाला आणि पाहता पाहता जगभरच्या किनाऱ्यांवर ती पोहोचली. तेलाची वात, दाबाखालच्या वाफेवर जळणारा रॉकेलचा दिवा, विजेचा दिवा असा पुढचा प्रवास झाला. भिंग फिरवणारे यंत्र घड्याळासारखे वजनावर चाले आणि ते वजन दीपपालाला रात्रीतून पुन:पुन्हा हाताने वर चढवावे लागे. पाऊस असो, वादळ असो, घरात आजारपण असो, दिवा विझता कामा नये, हा त्या नोकरीचा एकमेव नियम होता. दीपगृहांच्या संग्रहालयांत मांडलेले दिवे, भिंगे आणि यंत्रे या शिस्तीची साक्ष देतात. ज्या जहाजांसाठी हे जागरण चाले, त्यांतील खलाशांना दीपपालाचे नावही ठाऊक नसे. कर्तव्याचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र हे सारे पाहून बाहेर पडताना दीपगृह ही वस्तूच परदेशातून आली, असा समज प्रेक्षकाच्या मनात राहता कामा नये. तमिळ भाषेत दीपगृहाला ‘कलंगरै विळक्कम्’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ, जहाजांना साद घालणारा दिवा. संघम् काळातील ‘पेरुम्पाणाऱ्ऱुप्पडै’ या काव्यात एका बंदराच्या वर्णनात, उंच इमारतीच्या माथ्यावर रात्री पेटवलेल्या आणि समुद्रावरच्या जहाजांना बोलावणाऱ्या अशाच अग्नीचा उल्लेख येतो. ते बंदर म्हणजेच आजचे महाबलीपुरम, असे काही अभ्यासकांना वाटते. त्यावर एकमत नाही. पण किनाऱ्यावर दिवा लावण्याची प्रथा पल्लवांच्याही आधी या भूमीवर रूढ होती, याविषयी शंका उरत नाही.

हे दिवे कोणासाठी लागत होते, याचा पुरावा समुद्राच्या दुसऱ्या तीरावर आहे. बोर्निओतील कुताई येथे इसवी सन ४०० च्या सुमाराचे यूपलेख सापडले. त्यांची भाषा संस्कृत आणि लिपी पल्लव वळणाची. थायलंडमधील तकुआ-पा येथे नवव्या शतकातील तमिळ शिलालेख मिळाला. त्यात एका तलावाचा आणि ‘मणिग्रामम्’ या व्यापारी श्रेणीचा उल्लेख आहे. आपल्या व्यापाऱ्यांनी परक्या भूमीवर मागे ठेवलेली खूण पाण्याच्या तलावाशी जोडलेली असावी, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते.

येथे एका मोहापासून सावध राहणे अगत्याचे आहे. ओलक्कणेश्वराच्या माथ्यावर पल्लवकाळापासून अखंड अग्नी तेवत होता, हे जगातील एक आद्य दीपगृह आहे, अशी विधाने सर्रास केली जातात. मंदिराची जागा, त्याचे नाव आणि स्थानिक परंपरा या तिन्ही गोष्टी दिव्याकडे बोट दाखवतात. परंतु परंपरा आणि सिद्ध झालेला पुरावा यांत अंतर असते. ज्याचा इतिहास मुळातच भक्कम आहे, त्याने अतिशयोक्तीचा आधार का घ्यावा? अतिशयोक्तीचा एक चिरा निखळला की प्रतिपक्ष संपूर्ण भिंतच खोटी ठरवतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. २००२ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी महाबलीपुरमच्या समुद्रात बुडालेल्या बांधकामांचे अवशेष नोंदवले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची वाळू ओढून नेली आणि काही शिल्पे उघडी पडली. अभिमान अशा मोजलेल्या, नोंदलेल्या पुराव्यावर उभा राहिला, तरच तो टिकतो.

त्याच प्रामाणिकपणाने दुसरीही बाजू मान्य केली पाहिजे. ज्या समाजाची जहाजे बोर्निओपर्यंत जात होती, त्याच समाजाने पुढे समुद्रगमन निषिद्ध ठरवले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्राकडे पाठ फिरवलेल्या देशाचा किनारा परक्यांच्या हाती गेला, ही शिकवण सागरी संग्रहालयातून मिळत नसेल, तर ते केवळ जुन्या वस्तूंचे कोठार ठरेल.

आपल्या कोकणाचे चित्र याहून फारसे निराळे नाही. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला आणि मुंबईकर इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता ती पूर्णत्वास नेली. त्याच बेटावर १८६७ चे दीपगृह आहे. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरीचा समावेश झाला. येथेही किल्ला एका खात्याचा आणि दीपगृह दुसऱ्या खात्याचे, ही महाबलीपुरमचीच अवस्था. पुरातत्त्व खाते मंदिराची आणि तटाची माहिती देते, दीपगृह खाते मनोऱ्याची. या दोहोंना जोडणारी कहाणी कोणी सांगावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

शासनाने या दिशेने पावले टाकलेली आहेत, हे नमूद केले पाहिजे. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली आणि वारसा म्हणून दीपगृहे जतन करण्याची तरतूद त्यात आली. २०२३ मध्ये गोव्यात आग्वाद येथे पहिला दीपगृह महोत्सव झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत ७५ दीपगृहांतील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. लोथल येथील सागरी वारसा संकुलात दीपगृह संग्रहालय उभारण्याची योजना आहे. परंतु उपाहारगृह, बाग आणि छायाचित्रासाठी चौथरा एवढ्यावर हे काम थांबू नये. प्रत्येक दीपगृहापाशी त्या किनाऱ्याचा इतिहास स्थानिक भाषेत, पुराव्यांसह मांडला जावा. जीपीएसच्या युगात दीपपालांची ती पिढी अस्तंगत होत आहे. त्यांच्या नोंदवह्या आणि आठवणी वेळीच जतन व्हाव्यात. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून एकच माहितीफलक लावावा, ही मागणी काही अवाजवी नाही.

उरलेले काम समाजाचे आहे. सुरक्षेच्या कारणास्तव २००१ पासून दहा वर्षे बंद असलेले महाबलीपुरमचे दीपगृह २०११ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुले झाले. पुढच्या सहलीत या टेकडीसाठी दोन तास राखून ठेवावेत. मुलांना आधी ओलक्कणेश्वरापाशी न्यावे, मग मनोऱ्यावर, आणि शेवटी संग्रहालयात. मंदिरापुढची दीपमाळ पाहत वाढलेल्या मराठी मुलांना उंचावर लावलेल्या दिव्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. तो समुद्राकडे तोंड करून का लावला होता, एवढे मात्र त्यांना आपणच सांगितले पाहिजे.