बुल बार : जंगल नाही, बैल नाही, मग लोखंड कोणासाठी?

मंडळी, एक साधा प्रश्न. हिंजवडीच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या तोंडाला तीन इंची लोखंडी पाइप कशासाठी लागतो? वाकडपासून फेज थ्रीपर्यंत बैल आडवा येण्याची शक्यता किती? आडवा येतो तो स्विगीवाला, डबा घेऊन निघालेल्या काकू, नाहीतर स्कूल बसकडे पळणारं पोरगं. म्हणजे ते लोखंड नेमकं कोणासाठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

बुल बारवाल्यांशी बोललात की तीनच उत्तरं मिळतात. "सेफ्टी असते रे", "बंपरला ओरखडे येत नाहीत" आणि "ऑफरोडिंगला लागतो". आपण इंजिनिअर लोक आहोत, तेव्हा तिन्ही उत्तरं एकेक करून तपासू.

आधी सेफ्टी. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेंगरण्यासाठी बनवलेला असतो. ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरची, आणि 1959 पासून ती रस्त्यावर आहे. हिशोब बारावीच्या फिजिक्सचा आहे. ताशी 56 किमी म्हणजे सेकंदाला साधारण 15.6 मीटर. (हा वेग मी मनाने घेतलेला नाही. भारतातल्या सक्तीच्या ऑफसेट क्रॅश टेस्टचा वेग हाच आहे.) गाडी 60 सेंटिमीटर चेंगरत थांबली तर आतल्या माणसाला सरासरी 20 जी च्या आसपास झटका बसतो. तीच गाडी 30 सेंटिमीटरमध्ये थांबली तर 40 जी. अंतर निम्मं केलं की झटका दुप्पट. आता गॅरेजवाला काय करतो? जो भाग चेंगरायला हवा, त्याच्या पुढे एक न वाकणारा पाइप लावतो आणि ब्रॅकेटने तो थेट चासीला बोल्ट करतो. बळ कुठल्या वाटेने जाणार हे कंपनीने शेकडो सिम्युलेशन करून ठरवलेलं असतं. हा पठ्ठ्या ड्रिल मशीन घेऊन अर्ध्या तासात ती वाट बदलतो.

एअरबॅगची गोष्ट तर आपल्या लोकांना चटकन कळावी. बॅग उघडायची की नाही आणि कोणत्या मिलिसेकंदाला, हे सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलच्या आकारावरून ठरतं. हा आकार त्या मॉडेलच्या मूळ बंपरसह टेस्ट केलेला असतो. बार लावला की इनपुट बदलला, अल्गोरिदम मात्र जुनाच. बॅग उशिरा उघडेल, लवकर उघडेल की बरोबर उघडेल, हे ना गॅरेजवाल्याला माहीत ना गाडीच्या मालकाला. शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर पॅच टाकणाऱ्या ज्युनिअरला आपण काय काय बोलतो? आणि इथे तर रोलबॅकही नाही राव!

आता ओरखडे. हे उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून त्याचाच राग जास्त येतो. आजचा बंपर म्हणजे बाहेर प्लॅस्टिक, आत फोम आणि मागे बीम. माणसाच्या पायावर आदळला तर तो थोडा दबतो, बळ पसरतं. स्टीलचा पाइप दबत नाही. सगळं बळ दोन-तीन इंचाच्या पट्ट्यात एकवटतं आणि एसयूव्हीची उंची बघता तो पट्टा मोठ्या माणसाच्या मांडीला किंवा कमरेला आणि लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला लागतो. 2022 साली भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यातले 32,825 पायी चालणारे होते आणि 74,897 दुचाकीवरचे. म्हणजे दहातले सहापेक्षा जास्त लोक गाडीच्या बाहेरचे, अंगावर पत्राही नसलेले. हे सगळे बुल बारने मेले असं कोणी म्हणत नाही. पण ज्या रस्त्यावर मरणारे बहुतेक पत्र्याबाहेरचे असतात, तिथे बंपरचा रंग वाचावा म्हणून आपण पुढे लोखंड लावून फिरतो. मांडीच्या हाडाला टचअप पेंट मिळत नाही हो.

तिसरं उत्तर ऑफरोडिंग. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरे ऑफरोडिंगवाले आहेत आणि त्यांची गरजही खरी आहे. त्यांचा स्टील बंपर म्हणजे बुल बार नव्हे. तो मूळ बंपर काढून त्याच जागी बसतो, कडांना वर कापलेला असतो म्हणजे चढावर नाक घासत नाही. त्यात विंच बसतो आणि चिखलातून गाडी ओढायला मजबूत हूक असतात. बाजारातला चकचकीत पाइप बरोब्बर उलटं काम करतो. तो बंपरच्या पुढे आणि खाली लटकतो. 2020 च्या थारला कंपनीने 41.8 अंशांचा अप्रोच अँगल दिलाय. पाइप लावला की त्यातले काही अंश जागच्या जागी गेले. पैसे देऊन गाडीची ऑफरोड क्षमता कमी करून घ्यायची! आणि यातल्या कित्येक पाइपवाल्या गाड्या फोर व्हील ड्राइव्हसुद्धा नसतात. ताम्हिणीतला भजीचा स्टॉल हेच त्यांचं ऑफरोड.

हीच गंमत मागच्या बाजूला. स्विंग-आउट कॅरिअर म्हणजे मागच्या बंपरला बिजागरीवर बसवलेला लोखंडी हात, त्यावर स्टेपनी आणि जेरी कॅन. मोठा टायर घातला की मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना स्टेपनीचं वजन पेलत नाही, म्हणून ही सोय. राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखमध्ये हजार किलोमीटर जाणाऱ्याला ती पटते. पण हिशोब बघा. समजा 60 किलो जादा वजन मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे टांगलं. थारचा व्हीलबेस 2.45 मीटर. म्हणजे मागच्या चाकांवर 60 नाही, 84 किलोच्या आसपास भार वाढतो आणि पुढची चाकं 24 किलोने हलकी होतात. स्टिअरिंग आणि बहुतांश ब्रेकिंग कुठल्या चाकांवर चालतं? पुढच्या! त्यात नंबर प्लेट झाकली, टेल लॅम्प अर्धा झाकला, रिव्हर्स कॅमेऱ्यात टायरची नक्षी दिसते. आणि भरलेला पेट्रोलचा कॅन नेमका तिथे, जिथे मागून येऊन डंपर धडकतो.

"मग सरकारने बंदी का नाही घातली?" घातलीय की! डिसेंबर 2017 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरोधात असल्याचं कळवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि तरी तो पाइप कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात बाहेर टांगलेला दिसतो. दुकानदार विकतो, फिटर बसवतो आणि पावती फाटलीच तर फक्त मालकाची. "साहेब" लोकांच्या गाडीला असेल तर तीही नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपला कायदा भाड्याने आणलेल्या वेल्डिंग मशीनवर जोडलेला पाइप आणि नीट डिझाइन केलेला बंपर यांच्यात फरकच करत नाही आणि दोन्हीकडे सारखाच कानाडोळा करतो. ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे बुल बार ही खरी गरज आहे, तरी त्यांनी 2002 मध्ये त्याचं मानक बनवलं. युरोपने 2005 मध्ये निर्देश काढून पादचाऱ्यांना कितपत इजा होते याच्या चाचण्या ठरवल्या. आपल्याकडेही हे जमू शकतं. मॉडेलनुसार टेस्ट केलेला, एअरबॅगशी जुळणारा, पादचाऱ्याची चाचणी पास झालेला बंपर असेल तर त्याला मान्यता द्या, आरसीवर नोंद करा. बाकी सगळं दुकानातूनच उचला, रस्त्यावर येण्याची वाट कशाला बघायची?

तोपर्यंत काय? तोपर्यंत बार काढा. दहा मिनिटांचं काम आहे, चार-सहा बोल्ट. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणून क्लेम अडण्याची भीतीही जाईल. "लूक जातो" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आरशात गाडी तुम्हाला कशी दिसते हा तुमचा प्रश्न. पण झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसाला ती समोरून कशी दिसते, हा त्याचाही प्रश्न आहे. आणि त्याला कोणी विचारलेलं नाही.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण आधी तो पाइप सोडवून या :-)