थोरला आहे म्हणून?

मंडळी, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या चार गोणी विकल्या तरी शेतकऱ्याला हमाली-तोलाईसकट पट्टी मिळते. आणि जन्मभराची कमाई आपण सोपवतो कशावर? "थोरला आहे ना!"

अहो, थोरलेपण ही लायकी नव्हे! मृत्युपत्राचा एक्झिक्युटर म्हणजे मानाचं पान नाही. मालमत्ता गोळा करा, कर्जं फेडा, मग वाटप. प्रोबेट घेतलं तर 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने सहा महिन्यांत यादी, वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा. अमेरिकेतला दादा हे कधी करणार?

जवळचं, हिशेबी, आपल्याहून तरुण माणूस निवडा. मुलगी, सून, भाची का नको? आधी विचारा, कारण नेमलेला माणूस नकारही देऊ शकतो. पर्यायी नावही लिहा. मानपानाला लग्नं आहेतच की!