कुर्ल्याची मोटार भोंगवलीत

लहान देहाची, हलक्या वजनाची, परंतु त्या देहाच्या मानाने थोरले इंजिन धारण करणारी मोटार सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात यावी, असा एक अल्प कालखंड आपल्या देशात येऊन गेला, आणि त्या प्रकारची काही अत्यंत उल्लेखनीय वाहने महाराष्ट्राच्या भूमीवर जुळविली गेली, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात उरली आहे. सप्टेंबर 2001 मध्ये फियाट कंपनीची पालिओ ही मोटार बाजारात आली, तेव्हा ती मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ज्या कुर्ल्यात फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी घडविली, त्याच कुर्ल्याची ही धाकटी कन्या. तिच्या एका प्रकारात 1596 घनसेंटीमीटरचे, सोळा झडपांचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसविलेले होते, आणि गाडीची एकंदर लांबी पावणेचार मीटरांच्या आसपास. सचिन तेंडुलकर या मोटारीच्या जाहिरातीत होते आणि त्यांच्या नावाने एक विशेष आवृत्तीही निघाली होती, ही आठवण मात्र चाळिशीच्या पुढच्या वाचकांना निश्चित असेल.

ही जात पुढे का खुंटली, याचा शोध घेऊ जाता तो थेट सरकारी दफ्तरापर्यंत पोहोचतो. 2006 च्या अर्थसंकल्पात, चार मीटरांहून आखूड आणि पेट्रोलवर चालत असल्यास बाराशे घनसेंटीमीटरपर्यंतचे, डिझेलवर चालत असल्यास पंधराशेपर्यंतचे इंजिन असलेल्या मोटारींचे उत्पादन शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर आणले गेले. हेतू उत्तमच होता. लहान मोटार स्वस्त झाली आणि अनेक कुटुंबांच्या दारात प्रथमच चारचाकी उभी राहिली. परंतु लहान अंगात मोठे इंजिन घालणारा उत्पादक त्या हुकुमाने एका फटक्यात तोट्यात आला, आणि पुढील कारखानदारांनी आपापली इंजिने कापून बाराशेच्या उंबरठ्याआत आणली. तरीही ही हौस समूळ नष्ट झाली नाही. चाकणला 2013 साली निघालेली फोक्सवॅगन पोलो जी. टी., आणि रांजणगावला 2015 साली तयार झालेली, एकशे पंचेचाळीस अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, ही त्याच घराण्यातील नावे होत. या दोहोंचा जन्म तर आपल्या पुणे जिल्ह्यातला. 2019 साली फियाटच्या मोटारींची इथली विक्री संपुष्टात आली. रांजणगावचा कारखाना जीपच्या गाड्या काढीत राहिला.

हा सारा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, आमच्या भोंगवलीत अशी एक कुर्ल्याची पालिओ गेल्या वर्षापासून नांदत आहे. माझा भाचा भोरला यंत्रविषयक प्रशिक्षण घेऊन शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो, आणि शाळकरी वयापासून त्याच्या वह्यांच्या मागील पानांवर मोटारींची चित्रे असत. मिळकतीतून बाजूला टाकलेल्या रकमेत त्याला हप्त्यांवर एखादी नवी, बोथट स्वभावाची मोटार सहज घेता आली असती, आणि घरच्यांची अपेक्षाही तीच होती. त्याने मात्र साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडे उभी असलेली, 2001 च्या अखेरीस नोंदलेली सोळाशेची पालिओ पसंत केली. "एवढ्या पैशात विहिरीवरची मोटर नवी आली असती," असे त्याचे वडील म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वथा रास्त होते. भाचा मजकडे येऊन एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा चला गाडी बघायला, मग काय ते बोला."

त्या दिवशी त्याने गाडीची जी परीक्षा केली तिने माझे मत बनले. रंगाची चकाकी त्याने पाहिलीच नाही. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालचा पत्रा त्याने बोटांनी चाचपला, दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी पाहिल्या, कारण मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या मोटारीला गंज याच जागी प्रथम धरतो, आणि इंजिन दुरुस्त होते पण सडलेला सांगाडा होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. टायरांच्या अंगावरील चार आकडी खूण वाचून ते कोणत्या सालातल्या कोणत्या आठवड्यात तयार झाले ते त्याने सांगितले. नक्षी शाबूत होती, परंतु रबर दहा वर्षांपलीकडचे निघाले. मग त्याने दस्तऐवज मागितले. नोंदणीपुस्तकावरील चासी क्रमांकाची प्रत्यक्ष पत्र्यावरील क्रमांकाशी रुजुवात घेतली, गाडीवर बँकेचा बोजा नाही याची खातरजमा केली, आणि त्यानंतरच भावाची गोष्ट काढली.

कागदपत्रांचे प्रकरण या छंदातील सर्वांत नीरस आणि सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यापुढे योग्यता तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते, आणि सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते. एप्रिल 2022 पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी दहा हजार. सातारा कार्यालयाकडून नमुना 28 वरील ना-हरकत दाखला, हस्तांतरणासाठी नमुना 29 आणि 30, विम्याचे नवे नाव, प्रदूषण तपासणी, इतके सोपस्कार पार पडेपर्यंत भाच्याने गाडीला पान्याचा स्पर्शही केला नाही. जी वस्तू कायद्याने आपली झालेली नाही तिच्यावर पैसा ओतण्याची घाई अनेक तरुण करतात आणि मग जुन्या मालकाच्या सहीसाठी गावोगाव हिंडतात.

आता दुरुस्तीविषयी. या बाबतीत माझे मत ठाम आहे आणि ते भाच्याच्या वर्तनावरून बनलेले आहे: काम कोणत्या क्रमाने केले यावर त्या माणसाची मोटारीवरील प्रीती खरी की खोटी ते ठरते. महामार्गालगतच्या कोणत्याही गॅरेजात गेल्यास रुंद चाके, काळ्या काचा, गर्जना करणारे सायलेन्सर यांची मागणी घेऊन आलेले तरुण भेटतात, आणि त्यांच्या गाड्यांचे ब्रेक मात्र जुन्या मालकाने सोडले त्याच अवस्थेत असतात. भाच्याने आरंभ ब्रेकपासून केला. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. आंबाडखिंडीच्या किंवा वरंध्याच्या लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि पाय पेडलवर असूनही गाडी थांबत नाही. म्हणून तेल, रबरी नळ्या, पुढील डिस्क, मागील ड्रममधील लायनर हे सारे प्रथम नवे झाले. त्यानंतर चार टायर. त्यानंतर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप. कारण सोळा झडपांच्या या इंजिनात तो पट्टा तुटला असता झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचा सत्यानाश होतो, आणि रबराचा पट्टा किलोमीटरांइतकाच वर्षांनीही झिजतो.

शीतकरणाचा प्रकार सविस्तर सांगण्याजोगा आहे. जुन्या मोटारी गरम होतात ही तक्रार घरोघर ऐकू येते, आणि आपल्याकडील मिस्त्री तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय करीत आले आहेत: थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी भरायचे. तात्पुरता आराम पडतो. पण थर्मोस्टॅटवाचून इंजिन आपल्या योग्य तपमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल अधिक जळते, आणि कूलंटऐवजी भरलेल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतील वाटा बुजवीत राहतात, सबब पुढच्या उन्हाळ्यात गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. या पालिओतही थर्मोस्टॅटच्या जागी पोकळी निघाली. ज्या वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली भाचा रविवारी काम करी, त्यांनी स्वतः पद्मिनीच्या काळापासून हेच केलेले होते. तरीही मुलाने पुस्तकातील आकृती दाखविली तेव्हा त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली, थर्मोस्टॅट बसवू दिला, आणि उलट त्याला कान लावून टॅपेटचा आवाज ओळखायला शिकविले. कंपनी जेव्हा देशातून निघून जाते तेव्हा तिच्या यंत्रांचे ज्ञान अशाच माणसांच्या बोटांत शिल्लक राहते, आणि ती माणसे आता साठीच्या पलीकडे गेली आहेत. त्यांच्याजवळ बसायला कोणीतरी तरुण येतो आहे, हीच मला या संपूर्ण खटाटोपातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सुटे भाग मिळविणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. पुण्याच्या नाना पेठेत बरेच मिळाले. जे तिथे नव्हते त्यासाठी कुर्ल्यालाच जावे लागले. ज्या उपनगरात ही मोटार जन्मली, तिथल्याच सी. एस. टी. रस्त्यावरील जुन्या सामानाच्या दुकानांत तिच्या भावंडांचे अवयव टांगलेले आहेत. चिखलीजवळच्या कुदळवाडीतील भंगाराची गोदामे फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने भुईसपाट केली. अतिक्रमण आणि प्रदूषण यांमुळे ती कारवाई झाली असली, तरी जुन्या वाहनाच्या मालकाला पुण्याजवळचा एक आधार त्यामुळे तुटला.

आणखी एक नवी चिंता इंधनाची आहे. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसापासूनही होणारे हे इथेनॉल आमच्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या मुलुखाला परके नाही. आमच्या भोर तालुक्यात निगड्याला सहकारी साखर कारखाना उभा आहे, आणि इथेनॉलमुळे शेतकऱ्याच्या पदरी दोन पैसे अधिक पडत असतील तर त्याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु 2001 च्या मोटारीतील रबरी इंधननळ्या आणि वायसर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते; ते मऊ होतात, फुगतात, चिरतात, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलचा पाझर म्हणजे आगीला निमंत्रण होय. भाच्याने सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या आणि फिल्टर बदलला. जुनी पेट्रोल मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने, ती वेगवान असो वा नसो, हे काम पुढे ढकलू नये.

रूपांतराच्या मोहाविषयी एक शब्द लिहिणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका उचलून धरली. मला हा निर्बंध जाचक वाटत नाही. या मोटारीच्या अभियंत्यांनी तिचे वजन, तिची चाके आणि तिचे इंजिन यांचा जो मेळ बसविला होता तो पुन्हा जागेवर आणणे हेच मुळात एका तरुणाच्या कौशल्याला पुरून उरणारे काम आहे. नवे बुश, नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि नीट जुळविलेले अलाइनमेंट यांच्यानंतर ही गाडी कापूरहोळहून भोरकडे जाताना वळणाला जशी चिकटून राहते, ते मी शेजारी बसून अनुभवले आहे, आणि शर्यतीच्या घोड्याला वर्षानुवर्षे गोठ्यात बांधून ठेवून मग मोकळ्या माळावर सोडावे तसा तो अनुभव होता. तेव्हा काटा साठाच्या पुढे नव्हता. वेगाची तहान ज्याला याहून मोठी असेल त्याच्यासाठी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या अधिकृत शर्यती भरत आलेल्या आहेत, रुग्णवाहिका आणि पंच यांच्या उपस्थितीत. वारकरी, शाळकरी मुले आणि उसाच्या ट्रॉल्या जिथून जातात त्या आमच्या रस्त्यावर ती तहान भागविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नूतनीकरणाच्या तपासणीत दिवे, ब्रेक, धूर, सर्व काही पाहिले गेले आणि गाडीला पुढील पाच वर्षांची मुदत मिळाली. त्याच दिवशी आवारात तिच्याहून निम्म्या वयाची, हिडीस धूर सोडणारी वाहने मी पाहिली. वाहनाचे वय वाढेल तसे शुल्क चढवीत जाण्याचे जे धोरण शासनाने स्वीकारले आहे, त्यात राखलेली आणि टाकलेली मोटार एकाच मापाने मोजली जाते. तपासणी हवी तितकी कठोर करावी, यंत्राने करावी, दरवर्षी करावी. परंतु त्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या वाहनाला केवळ जन्मतारखेसाठी दंड करू नये, अशी माझी परिवहन खात्यास विनंती आहे.

आणि या आठवड्यात एखादी जुनी, चपळ मोटार पाहण्यास निघालेल्या तरुण वाचकास एवढेच सांगतो: भल्या सकाळी जा, मालकाला आधी निरोप धाडून ठेव की गाडी सुरू करून ठेवू नये, आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करून मगच किल्ली फिरव. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि जो धूर निघतो, त्यावरून त्या मोटारीची प्रकृती कळते. गरम करून ठेवलेली गाडी कोणी दाखवीत असेल तर तिथून परत फीर.