आधी मोबाइल काढून घेऊ नका

परवा जिन्यात दोन शेजारणींचं बोलणं कानावर पडलं. कुणाच्या तरी भाचीला ऑनलाइन भेटलेला एक 'मित्र' फोटो पसरवायची धमकी देत होता. "कळल्या कळल्या मोबाइल काढून घेतला आणि सगळं डिलीट करून टाकलं," हे मात्र अगदी गड जिंकल्याच्या सुरात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर पुरावाही आपल्याच हातांनी साफ! अशा वेळी घरातून पहिलं वाक्य यायला हवं ते 'तुझी चूक नाही' हेच. 'तरी मी सांगत होते' हे गिळून टाकावं. (कडू काढा परवडला, ठाऊक आहे.) मूल गप्प बसतं ते बरेचदा घरच्यांच्या धाकाने, आणि धमकावणारा त्याच भांडवलावर जगतो. त्याला पैसे देऊ नका, मेसेज आणि खात्याचं नाव जपून ठेवा. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटो न मागता नुसता त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांना कळवते. तक्रार केल्यावर पोलीस दारात आले तर लोक काय म्हणतील? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब घरीही घेता येतो, तोही गणवेश न घालता आणि आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस समोर असताना. नाव छापायलाही बंदी आहे. समुपदेशकाकडे आईबापांनीही जावं, झोप त्यांचीही उडालेली असते. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालतो. आजच मुलांसमोर फोनमध्ये साठवून ठेवा.