एक टिंब म्हणजे इतिहास नव्हे!

लोटे म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते. पण त्या वसाहतीचं पूर्ण नाव 'लोटे-परशुराम' आहे आणि महामार्गाने थोडं दक्षिणेला गेलं, की घाट उतरायच्या आधी परशुरामाचं देऊळ लागतं. गेल्या रविवारी लोट्याला घरी बसून मोबाईलवर आजूबाजूची देवळं बघत होतो. प्रत्येक देवळाला एक टिंब, एक नाव, आणि कुठे कुठे कुणीतरी ठोकून दिलेलं 'हजारो वर्षांपूर्वीचे'. पुरावा? शून्य.

आमच्या धंद्यातल्या काही मंडळींचं म्हणणं असं, की सगळी देवस्थानं जीपीएसने टिपली, डेटाबेसमध्ये भरली, की झाला इतिहासाचा अभ्यास! मला हे साफ अमान्य आहे. अक्षांश-रेखांश बिनचूक असले म्हणून शेजारी लिहिलेलं शतक बिनचूक होत नाही. उलट आकड्यांच्या रुबाबात थापही खपून जाते.

दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी घ्या. तिथे २९ लेणी आहेत. सुरुवात हीनयान बौद्धांची, पुढे वज्रयान आलं, नंतर नाथपंथ. म. न. देशपांडे यांचा त्यावरचा ग्रंथ पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ साली काढला. तिथे सापडलेल्या शिलाहारांच्या इ. स. ११३९ च्या ताम्रपटात गावाचं जुनं नाव 'प्रणालक' असं येतं.

आता सांगा, 'धर्म' या रकान्यात काय भरणार? 'बौद्ध' लिहिलंत तर नाथ गेले, 'हिंदू' लिहिलंत तर बौद्ध गेले. आणि मग तोच एक शब्द पुढे करून लोक भांडणार, "बघा, नकाशातच लिहिलंय!" ही चूक लेण्यांची नाही, आपल्या टेबलची आहे. त्यात काळाला जागाच ठेवलेली नाही.

मग नकाशा नकोच का? हवा की! दाभोळचं बंदर, वाशिष्ठी, जगबुडी आणि ही लेणी एकत्र दिसली, की मग ती नेमकी इथेच का खोदली असा प्रश्न तरी पडतो. पण टिंबाबरोबर कधीपासून, कधीपर्यंत, कशावरून, हे तीन रकाने हवेतच. परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवलं ही कथा. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने परशुराम क्षेत्र लुटलं ही इतिहासातली घटना. दोन्ही नोंदवा, पण एकाच रकान्यात कोंबू नका. आणि माहीत नसेल तिथे चक्क रिकामं सोडा. प्रोग्रामरला 'नल' व्हॅल्यूची लाज कसली?

ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून सगळ्यांना खुला आहे आणि त्यात बांधकामाचा काळ नोंदवायची सोयही आहे. तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा देवळातला शिलालेख बघा, गुरवांशी बोला, फोटो काढा. जे कळेल तेवढंच भरा. बाकीचं पुढच्या माणसाला शोधू दे.