सोमवारचे डॉक्टर, गुरुवारचे डॉक्टर

"डॉक्टर नेटवर्कमधले आहेत, पण त्या दवाखान्यात नाहीत." अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत हे वाक्य आता इतक्यांदा येतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. भारतातून आलेल्या पाहुण्याला मात्र ते कोडं वाटतं. माणूस एकच, पदवी एकच, स्टेथोस्कोपही बहुधा तोच. मग सोमवारी नेटवर्कमध्ये आणि गुरुवारी बाहेर, हे कसं काय?

तर ते असं. इथल्या खाजगी विमा कंपनीचा करार बरेचदा डॉक्टर नावाच्या माणसाला चिकटलेला नसतो. ज्या संस्थेच्या करक्रमांकावर बिल जातं, तिला तो चिकटलेला असतो. सोमवार ते बुधवार डॉक्टर एका मोठ्या ग्रुपमध्ये नोकरी करतात. तिथे तुमचं कार्ड चालतं आणि ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे मागायला कराराने बंदी असते. गुरुवारी तेच डॉक्टर शेजारच्या गावात, फक्त रोख घेणाऱ्या दवाखान्यात बसतात. करक्रमांक वेगळा, म्हणून करार नाही, म्हणून बंदीही नाही. सगळं अगदी कायदेशीर!

मला दोन वर्षांपूर्वी पायावरचा एक तीळ दाखवायचा होता. वाढत चालला होता, रंगही बदलत होता, म्हणजे थांबून चालण्यासारखं नव्हतं. नेटवर्कमधली तारीख मिळाली साडेतीन महिन्यांनंतरची. फोनवरच्या बाईंनीच आवाज जरा खाली आणून सुचवलं, की हेच डॉक्टर गुरुवारी अमुक ठिकाणी असतात, तिथे उद्याचीच वेळ आहे, २७५ डॉलर. मी भरले. (तीळ साधा निघाला.) ते पैसे माझ्या डिडक्टिबलमध्येही धरले गेले नाहीत, कारण विम्याच्या लेखी ती भेट झालीच नाही.

आता सांगा, त्या २७५ डॉलरमध्ये मी नेमकं काय विकत घेतलं? डॉक्टरांचं ज्ञान? त्याचे पैसे तर दर महिन्याच्या हप्त्यात जातातच. मी घेतली रांगेतली पुढची जागा. आणि रांग एवढी लांब का, तर त्याचं एक कारण डॉक्टर गुरुवारी रांगेकडे नसतात हेही आहे! माझ्या मते सगळी गोम इथे आहे. रोखीचा दवाखाना नेटवर्कच्या रांगेवर जगतो. ती रांग उद्या आटली, तर गुरुवारी तिथे येणार कोण?

डॉक्टरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. प्रत्येक एमआरआयसाठी विमा कंपनीची आगाऊ परवानगी काढा, नकार आला की तासभर फोनवर भांडा. वैद्यकीय शिक्षणाचं कर्ज साधारण दोन लाख डॉलरच्या घरात. मेडिकेअर ज्या गुणकाने डॉक्टरांचे दर ठरवतं, तो २००१ साली ३८ डॉलरच्या वर होता, २०२५ साली ३२ च्या आसपास. महागाई धरा म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होईल. या सगळ्याला कंटाळून कुणी विम्याचं दुकानच बंद केलं आणि महिन्याची ठराविक फी घेऊन मोजके पेशंट बघायला सुरुवात केली, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पाटी स्वच्छ आहे, जायचं तर जा. सुरकुत्यांच्या बोटॉक्सचे रोख पैसे घेणाऱ्याशीही नाही, तो खर्च विम्यात मुळात येतच नाही. माझं भांडण आहे ते दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांशी. नाव नेटवर्कच्या यादीत, आणि विम्यात बसणाऱ्या त्याच तपासणीचे पैसे पलीकडच्या गावात रोखीने.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयातले डॉक्टर "संध्याकाळी घरी दाखवा" म्हणायचे, त्याला आपण सरळ नाव ठेवायचो. सरकारने त्यासाठी व्यवसायरोध भत्ता तरी काढला (तो घेऊनही घरी बघणारे आहेत, ते असो). इथे तीच गोष्ट गुळगुळीत वेबसाइटवर आली की तिला उद्योजकता म्हणतात.

हे रोखता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. मेडिकेअरने ते केव्हाच करून दाखवलंय. १९९७ च्या कायद्याने डॉक्टरला मेडिकेअरमधून बाहेर पडायची मुभा दिली, पण बाहेर म्हणजे पूर्ण बाहेर. दोन वर्षांसाठी, मेडिकेअरच्या सगळ्या पेशंटसाठी, आणि कुठल्याही दवाखान्यात बसलात तरी. तिथे नियम माणसाच्या मागे जातो, करक्रमांकाच्या नाही. खाजगी विमा कंपन्यांना हेच कलम आपल्या करारात घालायला कुणी अडवलंय?

पण त्या घालणार नाहीत. त्यांना यादीत नावं हवीत. आठवड्यातून अर्धा दिवस बघणारे डॉक्टरही यादीत एक आणि पाच दिवस बघणारेही एक. २०२५ साठी केंद्र सरकारच्या बाजारपेठेतल्या योजनांना तारीख किती दिवसांत मिळावी याचे नियम लागू झाले, पण आपल्यातल्या बहुतेकांचा विमा कंपनीकडून येतो, त्याला ते लागू नाहीत. मोठ्या कंपन्या तर बरेचदा उपचारांचा खर्च स्वतःच उचलतात आणि विमा कंपनी फक्त कारकुनी करते. अशा योजनांवर १९७४ च्या 'एरिसा' कायद्यामुळे राज्याचे विमा नियमही चालत नाहीत. आणि २०२२ पासून लागू झालेला अचानक बिलांविरुद्धचा कायदा? तो इथे उपयोगाचा नाही, कारण मी आपल्या पायांनी आणि समजून-उमजून रोखीच्या दवाखान्यात गेलो होतो.

निदान एवढं करा, की यादीत नावापुढे आठवड्याचे तास छापा.

त्या गुरुवारच्या दवाखान्यात काउंटरवर एक पाटी होती : मेडिकेअरचे पेशंट घेतले जात नाहीत. आधी मला तो म्हाताऱ्यांवर अन्याय वाटला. मग उमगलं. हे डॉक्टर मेडिकेअरमधून बाहेर पडलेले नाहीत, त्यामुळे मेडिकेअरमध्ये बसणाऱ्या तपासणीचे रोख पैसे त्या पेशंटकडून घेणं त्यांना बेकायदा आहे. पासष्टीच्या अलीकडच्यांकडून घेतलेले चालतात.