जुगारातील कर्ज कोणाचे?

मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला, ही गोष्ट परभणीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या उघडत्या व बंद होत्या भावांवर पैजा लागत. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी नुसते आकडेच काढण्यास आरंभ केला. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे उरले.

आकडे दहा आणि एका आकड्यावर मिळतात ते सामान्यतः नऊपट. म्हणजे खेळ कितीही लांबला तरी दर दहा रुपयांमागे एक रुपया खेळविणाराचा. हे गणित शाळकरी मुलासही कळावे. तरीही हरलेला मनुष्य गेलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा लावतो, आणि येथूनच घराचा ऱ्हास सुरू होतो.

आपण जुगाराची चर्चा व्यसन म्हणून करतो, हिशेब मात्र मांडीत नाही. मांडला, तर हरणारा आणि फेडणारा ही दोन निरनिराळी माणसे असल्याचे दिसते. प्रथम कापसाच्या पट्टीचे पैसे जातात, मग पत्नीचे दागिने गहाण पडतात, अखेर तिच्या नावे बचत गटाचे कर्ज उचलले जाते. सही तिची, रक्कम त्याची. हप्ता थकला की दारात येतात त्या गटातल्याच शेजारणी. कारण एकीने बुडविले तर साऱ्या गटाची पत जाते. नवरा तेवढ्या वेळात पारावर बसलेला असतो!

१८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरही संसदेने बंदी घातली. परंतु हे कायदे खेळविणाराच्या मागे लागतात. गहाण पडलेले मंगळसूत्र त्यांनी परत येत नाही. त्यासाठी पाहावा लागतो तो कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा. स्त्रीधन परस्पर विकणे, घरखर्चास पैसे न देणे यांस तो आर्थिक छळ मानतो. दंडाधिकारी पतीस मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास व बँकखाते वापरण्यास मनाई करू शकतात, नुकसानभरपाईही देववू शकतात. स्त्रीधन हे सर्वस्वी पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितले होते. मारहाणीचा वळ दाखविता येतो, रिकामा डबा दाखविता येत नाही, म्हणून या तरतुदीकडे आपल्याकडे फारसे कोणी वळत नाही.

कर्जाच्या अर्जावर पत्नी सही करते, तेव्हा पती बहुधा शेजारीच उभा असतो. त्यास बाहेर बसवून, ही रक्कम कशासाठी हवी, एवढे तिला एकटीला विचारणे शाखाधिकाऱ्यास अवघड नाही. त्यास पाच मिनिटे पुरतील.